तपासणी ठेवूनही वेग: रनटाइम सुरक्षा-तपासण्यांचा खर्च कंपायलर कसा कमी करतो आणि आपण त्याला कशी मदत करायची

ॲरेमधली (मेमरीत ओळीने ठेवलेल्या यादीतली) एखादी नोंद वाचायला सांगितली की गो, रस्ट, जावा, स्विफ्ट या भाषा आधी बघतात: मागितलेला क्रमांक ॲरेच्या हद्दीत आहे का? असेल तर काम पुढे जातं, नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबतो. सी भाषा हे बघत नाही. त्याची किंमत काय असते ते २०१४ साली हार्टब्लीड या सुरक्षा-दोषाने सगळ्या जगाला दाखवलं. समोरच्याने कळवलेली लांबी खरी आहे की नाही हे न बघता ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणारं सॉफ्टवेअर) तेवढी मेमरी परत पाठवत होतं, एका विनंतीला ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात लोकांचे पासवर्ड आणि सर्व्हरच्या खाजगी किल्ल्याही जाऊ शकत होत्या.

एवढं होऊनही ‘चेकमुळे प्रोग्राम स्लो होतो, काढून टाका’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. सोलापुरात यंत्रमाग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नव्या मुलामुलींनाही तो मिळतो, म्हणून हा लेख. तपासणी हातानं काढायची नसते. तिची गरज नाही हे कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, कोडमध्येच दिसलं पाहिजे, मग तो ती स्वतः काढतो. जिथे त्याला तसं दिसत नाही, तिथे बहुतेक वेळा ती तपासणी खरोखरच लागते.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे असं धरा. प्रत्येक मागावर एक छोटा बोर्ड आहे. बाण्याचा धागा एकदा आडवा गेला की एक पिक, आणि दर मिनिटाला किती पिक पडले ते बोर्ड मोजून ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे पाठवतो. पाळी बारा तासांची, म्हणजे एका मागाच्या ७२० नोंदी. पाळी संपली की प्रोग्राम बेरीज करतो आणि त्यावर उत्पादन आणि मजुरी ठरते.

आता मध्येच तास-सव्वा तास लाइट गेली आणि नोंदी ७२० ऐवजी ६५५ च आल्या. ७२० मिनिटं गृहीत धरून चालणारा सी प्रोग्राम उरलेल्या ६५ नोंदी मेमरीत पुढे जे काही पडलं असेल तिथून उचलेल. तिथे शेजारच्या मागाच्या नोंदी असतील तर एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर चढेल आणि कुणालाही पत्ता लागणार नाही. तपासणी असेल तर प्रोग्राम थांबेल, आणि नोंदी कमी आल्यात हे त्याच रात्री कळेल.

तपासणीचा खरा खर्च कुठे असतो

बेरजेचं साधं रूप असं:

```
फंक्शन एकूण(नोंदी, मिनिटं)
    बेरीज = ०
    म = ० पासून, म < मिनिटं असेपर्यंत
        बेरीज = बेरीज + नोंदी[म]
    परत द्या बेरीज
```

कंपायलरने काहीच हुशारी केली नाही, तर आतल्या एका ओळीचं यंत्रभाषेत साधारण असं होतं:

```
तुलना करा     म आणि नोंदींची लांबी
उडी मारा      म >= लांबी असेल तर → पॅनिक
वाचा          नोंदी[म]
मिळवा         बेरजेत
```

खरं तर प्रश्न दोन आहेत: म शून्यापेक्षा कमी तर नाही ना, आणि म लांबीपेक्षा लहान आहे ना. तुलना मात्र एकच दिसते. कंपायलर म कडे चिन्हरहित, म्हणजे कधीच उणे नसणारी, संख्या म्हणून बघतो. उणे एक ही ६४ बिटांची संख्या चिन्हरहित म्हणून वाचली की १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होते, आणि ती कुठल्याही लांबीपेक्षा मोठीच असते. त्यामुळे एका तुलनेत दोन्ही टोकं पाहून होतात. खर्चातली ही पहिली बचत, आणि ती आपण काही न करता मिळते.

उरलेली तुलना आणि उडी आजचे प्रोसेसर बहुधा एकत्र जोडून एकाच सूचनेसारखी चालवतात. उडी जवळजवळ कधीच मारली जात नसल्याने प्रोसेसरचा अंदाजही चुकत नाही. पॅनिकचा (हद्द ओलांडल्यावर प्रोग्राम थांबवण्याचा) कोड कंपायलर ‘थंड’, म्हणजे क्वचितच चालणारा, समजून फंक्शनच्या टोकाला नेऊन ठेवतो, म्हणजे गरम (सतत चालणाऱ्या) वाटेवरच्या सूचना सलग राहतात. एका तपासणीचा थेट खर्च एवढा किरकोळ असतो.

फटका बसतो तो दुसरीकडे. प्रोसेसरमधल्या २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या जागेत) ३२ बिटांच्या आठ नोंदी एकदम मावतात. म्हणजे ७२० नोंदींची बेरीज ९० फेऱ्यांत होऊ शकते. पण प्रत्येक फेरीत ‘इथून बाहेर पडावं लागेल’ अशी शक्यता असेल, तर कंपायलर आठ-आठ नोंदी एकत्र उचलायला साधारणपणे तयार होत नाही, कारण पाचवीवर थांबायचं असताना सहावी, सातवी, आठवी वाचली तर चालणार नाही. तपासणी एका सूचनेपुरती असते, पण तिच्यामुळे लूप वेगवान करायचे बाकीचे मार्ग बंद होतात. म्हणून सगळी मेहनत सतत फिरणाऱ्या आतल्या लूपवर करायची. पाळीला एकदा चालणाऱ्या कोडमधली तपासणी राहू द्या, तिकडे बघूही नका.

पायरी १: आधी मोजा

वेळ कुठे जातो हे प्रोफायलरने बघा. लिनक्सवर पर्फ, गोमध्ये पीप्रॉफ. वेळ डेटाबेसमध्ये किंवा फाइल वाचण्यात जात असेल, तर या लेखातलं काहीही करून फरक पडणार नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. बाहेर ४३ अंश तापमान आणि खोलीत नुसता पंखा असेल तर लॅपटॉपचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो. अशा वेळी आधी जुना कोड दहा वेळा आणि मग नवा कोड दहा वेळा चालवला, तर नवा कोड विनाकारण हळू दिसतो. जुना आणि नवा आलटून-पालटून चालवा, सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, आणि जमलं तर सकाळी मोजा. गोमध्ये बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) ‘काउंट’ दहावर ठेवून चालवा आणि निकाल बेंचस्टॅटला द्या. फरक खरा आहे की नुसती चढ-उतार, हे तो सांगतो.

पायरी २: तपासण्या कुठे उरल्या ते बघा

अंदाज करत बसू नका, कंपायलरला विचारा. गो १.७ पासून (२०१६) कंपायलर अनावश्यक हद्द-तपासण्या काढतो, आणि उरलेल्यांची यादीही देतो. आज्ञा इथे देवनागरीत देतो, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची:

```
गो बिल्ड -जीसीफ्लॅग्ज=-डी=एसएसए/चेक_बीसीई
```

ओळ क्रमांकासह ‘फाउंड इजइनबाउंड्स’ असं छापून आलं, तर त्या ओळीवर तपासणी शिल्लक आहे. ‘फाउंड इजस्लाइसइनबाउंड्स’ आलं, तर तुकडा कापतानाची तपासणी शिल्लक आहे.

रस्टमध्ये रिलीज बिल्डचा असेम्ब्ली कोड (माणसाला वाचता येईल अशी यंत्रभाषा) काढा आणि त्यात ‘पॅनिक_बाउंड्स_चेक’ शोधा. छोटा तुकडा तपासायचा असेल तर ब्राउझरमधला कंपायलर एक्सप्लोरर उत्तम. कोड बदलला की समोर असेम्ब्ली बदलताना दिसते. शिकायला याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

पायरी ३: लांबीचं नातं दिसू द्या

वरच्या बेरजेत कंपायलर कुठे अडतो? लूप सांगतो की म हा मिनिटांपेक्षा लहान आहे. तपासणी विचारते की म नोंदींच्या लांबीपेक्षा लहान आहे का. मिनिटं आणि लांबी यांचं नातं कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. ते आपल्या डोक्यात आहे, आणि लाइट गेली त्या दिवशी ते खोटं ठरतं. कंपायलरने तपासणी ठेवली ते बरोबरच केलं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे क्रमांकच वापरायचा नाही:

```
    नोंदींमधल्या प्रत्येक न साठी
        बेरीज = बेरीज + न
```

गोमधलं ‘रेंज’ आणि रस्टमधला इटरेटर हेच करतात. कुठे थांबायचं हे लांबीवरूनच ठरत असल्याने तपासायला काही उरत नाही. मिनिटांची मर्यादा लागणारच असेल तर लूपच्या आधी एकदा विचारा:

```
    जर नोंदींची लांबी < मिनिटं
        परत द्या चूक
    म = ० पासून, म < मिनिटं असेपर्यंत
        बेरीज = बेरीज + नोंदी[म]
```

आता कंपायलरकडे दोन विधानं आहेत: म < मिनिटं, आणि मिनिटं <= लांबी. दोन्ही जोडली की म < लांबी निघतं, आणि आतली तपासणी गळून पडते. कंपायलर असल्या असमानतांचं जाळं बांधतो. प्रत्येक चल म्हणजे एक बिंदू, आणि ‘हा त्याच्यापेक्षा इतक्याने लहान’ ही त्यांच्यामधली रेघ. तपासणी अनावश्यक आहे का, हा प्रश्न मग दोन बिंदूंमधली वाट शोधण्याचा होतो. २००० साली बोडिक, गुप्ता आणि सरकार यांनी एबीसीडी नावाची पद्धत मांडली ती याच धर्तीची. प्रोग्राम चालू असतानाच कंपाइल करणाऱ्या कंपायलरला, म्हणजे जेआयटीलाही, परवडावी म्हणून ती मुद्दाम हलकी ठेवली होती. गोच्या कंपायलरमधला ‘प्रूव्ह’ हा टप्पा आणि एलएलव्हीएममधला (रस्ट आणि क्लँग वापरतात त्या कंपायलर-यंत्रणेतला) ‘कन्स्ट्रेंट एलिमिनेशन’ हा टप्पा याच जातीचा विचार करतात.

लूपच्या आधी तुकडा कापून घेणं, म्हणजे नोंदींचा ० ते मिनिटं एवढाच भाग वेगळा घेणं, हाही चांगला मार्ग. रस्टमध्ये तो बिनधास्त वापरा. गोमध्ये मात्र थांबा. गोचं तुकडा कापणं लांबीशी ताडून बघत नाही, क्षमतेशी, म्हणजे मागे राखून ठेवलेल्या जागेशी, बघतं. अपेंड करत (शेवटी नोंदी जोडत) वाढवलेल्या स्लाइसची, म्हणजे गोमधल्या वाढू शकणाऱ्या ॲरेची, क्षमता लांबीपेक्षा जास्त असू शकते. ६५५ नोंदींच्या स्लाइसमधून ७२० चा तुकडा मागितला आणि क्षमता तेवढी असली, तर पॅनिक होणार नाही. पुढच्या ६५ जागी शून्यं किंवा आधीचे जुने आकडे मिळतील. मेमरीच्या दृष्टीने हे सुरक्षित आहे, हिशोबाच्या दृष्टीने साफ चुकीचं. म्हणून गोमध्ये लांबीची अट स्पष्ट लिहा.

पायरी ४: अनेक तपासण्यांची एक करा

बोर्डाकडून आठ बाइटचं पाकीट येतं: दोन बाइट मागाचा क्रमांक, दोन बाइट मिनिट, चार बाइट पिक. ते उलगडताना आपण पाकीट[०], पाकीट[१] असं करत पाकीट[७] पर्यंत वाचतो. आठ वाचनं, आठ तपासण्या. क्रम उलटा करा. आधी पाकीट[७] ला हात लावा. क्रमांक ७ चा बाइट आहे हे एकदा सिद्ध झालं की शून्य ते सहा आहेतच, आणि बाकी सात तपासण्या जातात.

गोच्या स्वतःच्या ‘एनकोडिंग/बायनरी’ पॅकेजमध्ये ही ओळ शब्दशः आहे. आठ बाइट जोडून एक संख्या करण्याआधी b[७] वाचून टाकून दिलं आहे, आणि शेजारच्या टिपेत हे कंपायलरसाठी आहे असं लिहिलंय. प्रमाण-ग्रंथालयात अशी ओळ असते, तेव्हा ती आपल्या कोडमध्ये लिहायला संकोच नको.

मग कंपायलर हे आपणहून का करत नाही? समजा पाकीट पाचच बाइटचं आहे. मूळ कोडमध्ये पहिली पाच वाचनं झाली असती आणि सहाव्यावर पॅनिक झालं असतं. मध्ये कुठे काही लिहिलं असतं, तर ते लिहून झालेलं असतं. पाकीट[७] ची तपासणी आधी आणली तर पहिल्या पाचांपैकी काहीच होणार नाही. रस्टच्या पॅनिक-संदेशात तर क्रमांक आणि लांबी दोन्ही छापली जातात, म्हणजे संदेशही बदलेल. प्रोग्रामचं दिसणारं वागणं बदलायचा अधिकार कंपायलरला नाही, आपल्याला आहे. इथे ‘आठ बाइट नसतील तर काहीच करू नको’ हेच आपल्याला हवं असतं, म्हणून आपण ते लिहून द्यायचं. रस्टमध्ये लूपच्या वर लांबीबद्दलचा ‘असर्ट’ (अट खोटी ठरली तर थांबवणारी ओळ) टाकला तरी हाच परिणाम मिळतो.

पायरी ५: ‘म+१’ पासून सावध

माग मध्येच मंदावला का, हे बघायला शेजारच्या दोन मिनिटांतला फरक काढायचा आहे: नोंदी[म+१] वजा नोंदी[म]. गणिताच्या वहीत ‘म+१ < लांबी’ आणि ‘म < लांबी−१’ या एकच गोष्टी आहेत. यंत्रात नाहीत. म ही त्या प्रकारातली सगळ्यात मोठी संख्या असेल तर म+१ उलटून शून्य होतं (चिन्हासहित प्रकारात सगळ्यात लहान ऋण संख्या), आणि ‘म+१ < लांबी’ खरं ठरतं, म मात्र हद्दीच्या कितीतरी बाहेर. आपल्याला माहीत असतं की म एवढा मोठा कधीच होणार नाही. कंपायलरला ते सिद्ध करावं लागतं, आणि बरीचशी सिद्धता इथेच अडते.

दुसरं रूपही निर्धोक नाही. रस्टमध्ये लांबी चिन्हरहित असते. रिकाम्या ॲरेची लांबी वजा एक ही डीबग बिल्डमध्ये पॅनिक करते आणि रिलीजमध्ये उलटून अवाढव्य आकडा होते. मग हद्दीची तपासणीच आपल्याला वाचवते. गोमध्ये लांबी चिन्हासहित असल्याने उणे एक मिळतं आणि लूप नुसता चालत नाही.

रस्टमध्ये यासाठी ‘विंडोज’ आहे. दोन-दोन नोंदींची खिडकी सरकवत नेतो, बेरीज-वजाबाकीचा प्रश्नच येत नाही. गोमध्ये दोन्ही रूपं लिहून पायरी २ ची आज्ञा चालवा. तुमच्या आवृत्तीच्या कंपायलरला जे पटतं ते ठेवा.

लांबी मध्येच बदलू शकते का?

नोंदी एखाद्या स्ट्रक्टच्या (अनेक फील्डांच्या गाठोड्याच्या) आत आहेत, ते स्ट्रक्ट पॉइंटरने (मेमरीतल्या पत्त्याने) आलंय, आणि लूपमध्ये दुसऱ्या फंक्शनला हाक मारली आहे. ते फंक्शन नोंदी बदलणार नाही याची खात्री कंपायलरला नसते, म्हणून प्रत्येक फेरीत लांबी नव्याने वाचली जाते आणि तपासणीही नव्याने होते. लूपच्या आधी स्लाइस एका स्थानिक चलात घ्या. एका ओळीचा बदल आहे, आणि गो आणि जावात याने बऱ्याचदा मोठा फरक पडतो. रस्टमध्ये उधारीचे (बॉरोइंगचे) नियम, म्हणजे डेटा कोण कधी बदलू शकतो याचे नियम, हे आधीच सिद्ध करून देतात.

आत बोलावलेलं फंक्शन छोटं असेल तर कंपायलर त्याचा मजकूर जागेवरच आणतो, आणि मग बाहेर माहीत असलेलं आतही लागू होतं. तपासण्या जाण्याआधी बहुतेक वेळा हे घडावं लागतं. छोटी फंक्शनं छोटीच ठेवा.

जी तपासणी जाणारच नाही

मागनिहाय बेरजेचा तक्ता आहे, आणि क्रमांक पाकिटातून येतो: तक्ता[मागक्रमांक]. क्रमांक बाहेरून आलाय, त्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही. इथे तपासणी हवीच.

एक युक्ती लोक सांगतात: तक्ता २५६ चा करा आणि क्रमांक एका बाइटचा ठेवा. बाइट २५५ च्या पुढे जात नाही हे कंपायलरला ठाऊक असल्याने तपासणी जाते. खरं आहे. पण कारखान्यात ४८ माग असतील आणि बिघडलेल्या बोर्डाने २०० क्रमांक पाठवला, तर तो मुकाट्याने तक्त्यात जाऊन बसेल. मोठ्या क्रमांकाचे वरचे बिट कापून तो हद्दीत बसवणं याहून वाईट, कारण चुकीची नोंद मग खऱ्या मागाच्या नावावर पडते. ही युक्ती वापरायचीच तर पाकीट आत घेतानाच क्रमांक पारखून घ्या.

जावा हेच काम वेगळ्या वाटेने करतं

पायरी ४ मध्ये म्हटलं की वागणं बदलायचा अधिकार कंपायलरला नाही. जावाच्या हॉटस्पॉटकडे (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेकडे) त्यावर एक उपाय आहे, कारण प्रोग्राम चालू असताना तो कोड मागे घेऊ शकतो. लूपच्या आधी तो एकच मोठी तपासणी टाकतो: पहिला आणि शेवटचा क्रमांक दोन्ही हद्दीत आहेत का? असतील तर लूप तपासणीशिवाय धावतो. नसतील तर कंपाइल केलेला कोड सोडून तो इंटरप्रीटरमध्ये (कोड एकेक सूचना वाचून चालवणाऱ्या भागात) परत जातो, आणि तिथे एकेक फेरी नीट करत बरोबर त्याच क्रमांकावर अपवाद फेकतो. बाहेरून वागणं तंतोतंत तेच.

दुसरी पद्धत म्हणजे एका लूपचे तीन भाग करणं: सुरुवातीचा छोटा, मधला मोठा आणि शेवटचा छोटा. तपासण्या टोकाच्या दोन भागांत राहतात. मधल्या भागात क्रमांक हद्दीत आहेत हे सिद्ध असतं, आणि तिथेच आठ-आठ नोंदी एकदम उचलल्या जातात.

याचा फायदा घ्यायचा तर लूप साधा ठेवा. मोजणारा चल ‘इंट’, पायरी ठरलेली, आणि मर्यादा लूपमध्ये न बदलणारी.

यंत्रावर सोपवलेल्या तपासण्या

काही तपासण्यांना एकही सूचना खर्च होत नाही. तुम्ही मागावर ताण्याचे धागे पाहिले असतील. ताणा तुटला की थांबणाऱ्या मागावर प्रत्येक धाग्यावर एक हलकी पत्री लटकलेली असते. धागा ताठ आहे तोवर पत्री वर राहते. तुटला की पत्री खाली पडते आणि माग थांबतो. हजारो धाग्यांवर नजर ठेवायला माणूस लागत नाही, आणि धागे शाबूत असताना मागाचा वेग कणभरही कमी होत नाही. नल पॉइंटरची, म्हणजे कुठेच न दाखवणाऱ्या शून्य पत्त्याची, तपासणी अशीच होते. पत्ता शून्याजवळचं मेमरीचं पान ऑपरेटिंग सिस्टिम मोकळं ठेवते. नल पॉइंटरमधून वाचायला गेलं की प्रोसेसरच अडवतो, सिग्नल येतो, आणि जावा किंवा गोचा रनटाइम त्याचं रूपांतर नीट अपवादात किंवा पॅनिकमध्ये करतो.

याला मर्यादा आहे. स्ट्रक्ट फार मोठं असेल आणि मागितलेलं फील्ड सुरुवातीपासून लांब असेल, तर शून्य अधिक ते अंतर मोकळ्या पानाच्या पलीकडे जाऊ शकतं. गो हे अंतर ४०९६ बाइटच्या आत असेल तरच यंत्रावर विसंबतो, पुढे गेलं की स्पष्ट तपासणी घालतो. आणि पकडलं गेल्यावरचा खर्च मोठा असतो. नल हे नेहमीचंच उत्तर असेल तर साधी ‘जर’ची अट लिहा.

वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी यंत्रभाषेसारखी भाषा, हीच कल्पना आणखी पुढे नेते. त्यातला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ४ जीबीच्या बाहेर जाऊच शकत नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर ब्राउझर तेवढा पत्त्यांचा पट्टा आणि त्यापुढे राखीव मोकळी पानं आधीच बाजूला काढतो. खरी मेमरी लागेल तेवढीच जोडलेली असते. हद्दीबाहेर गेलेलं वाचन मोकळ्या पानावर आदळतं. दर वाचनाला तुलना नाही, उडी नाही. ६४ बिटांच्या पत्त्यांच्या प्रकारात मात्र एवढा पट्टा राखता येत नाही, आणि तपासणी परत लिहावी लागते.

बेरीज उलटण्याची तपासणी

स्विफ्ट प्रत्येक बेरजेनंतर आकडा प्रकारात मावला का ते बघतं, रिलीजमध्येही. रस्ट डीबगमध्ये बघतं आणि रिलीजमध्ये नाही, पण कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड-साधनाच्या) प्रोफाइलमध्ये ‘ओव्हरफ्लो-चेक्स’ सुरू करता येतं. पैशांचा किंवा उत्पादनाचा हिशोब असेल तर ते सुरू कराच.

का, ते आपल्या मागावर बघा. मिनिटाला २०० पिक धरले तर पाळीचे १,४४,००० होतात. बेरीज १६ बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवली तर ती ६५,५३५ च्या पुढे जात नाही. ३२८ व्या मिनिटाला, म्हणजे साडेपाच तासांच्या आत-बाहेर, ती पहिल्यांदा उलटेल. पाळीच्या शेवटी पडद्यावर १२,९२८ दिसेल. आकडा इतका ठीकठाक दिसतो की कुणी शंका घेणार नाही.

इथे खर्च कमी करण्याचा मार्ग म्हणजे मोठा प्रकार. नोंदी ३२ बिटांच्या राहू द्या, बेरीज ६४ बिटांत करा. ३२ बिटांच्या ७२० नोंदींची बेरीज तिथे कधीच उलटू शकत नाही, हे आकड्यांच्या मर्यादांवरूनच सिद्ध आहे. साठवताना छोट्या प्रकारात बसवायचं असेल तर शेवटी एकदा तपासा. ७२० तपासण्यांची एक झाली.

सीमध्ये एक सापळा आहे. चिन्हासहित बेरीज उलटली का हे बघायला लोक ‘अ + १०० < अ’ अशी अट लिहितात. सीच्या नियमानुसार अशी बेरीज उलटणं ही अव्याख्यात गोष्ट आहे, म्हणून कंपायलर ‘हे कधी होणारच नाही’ असं धरून अटच पुसून टाकतो. तपासणीचा खर्च शून्य, आणि तपासणीही शून्य. जीसीसी आणि क्लँगमध्ये यासाठी ‘बिल्टिन_ॲड_ओव्हरफ्लो’ आहे, तेच वापरा. जावात ‘मॅथ.ॲडएक्झॅक्ट’ आहे.

सी++ वाल्यांसाठी

व्हेक्टरचे (सी++ च्या वाढू शकणाऱ्या ॲरेचे) चौकोनी कंस मुळात हद्द तपासत नाहीत. पण क्लँग या कंपायलरच्या लिबसी++ या प्रमाण-ग्रंथालयामध्ये आता कडक पद्धत सुरू करता येते, आणि मग तेच कंस तपासतात. गूगलने आपल्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये ती सुरू केली आणि सरासरी फक्त ०.३० टक्के फटका बसल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. वर सांगितलेली सगळी यंत्रणा, आणि प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवरून कोणती वाट गरम ते कंपायलरला सांगणं, यामुळे तो आकडा इतका खाली आला. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. ‘परवडत नाही’ हे कारण आता चालणार नाही.

बंद करण्याची बटणं

ती आहेत. गोमध्ये कंपायलरला -बी दिलं की हद्द-तपासण्या जातात. स्विफ्टमध्ये -ओअनचेक्ड आहे. रस्टमध्ये ‘गेट_अनचेक्ड’ आहे, तेही ‘अनसेफ’च्या आत. पहिली दोन पूर्ण पॅकेजवर किंवा मॉड्यूलवर एकदम लागू होतात, म्हणून ती मोजणीसाठीच वापरा. तपासण्या बंद करून बेंचमार्क चालवला की जास्तीत जास्त किती वेग मिळू शकतो ते कळतं. तीन टक्केच फरक असेल तर काम तिथेच थांबवा. ‘गेट_अनचेक्ड’ एखाद्याच ठिकाणी लागलं, तर तिथे हद्द का ओलांडली जाणार नाही याचं कारण टिपेत पूर्ण लिहा. कारण लिहिता येत नसेल तर ते वापरू नका.

टोनी होअर यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात १९८० साली एक गोष्ट सांगितली आहे. त्यांच्या अल्गोल कंपायलरमध्ये प्रत्येक क्रमांक चालू असताना तपासला जायचा. पुढे ग्राहकांना विचारलं की वेगासाठी हे बंद करायची सोय देऊ का. सगळ्यांनी एकमुखाने नको म्हटलं. चालू कामात क्रमांक किती वेळा चुकतात हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि तेव्हाची यंत्रं आजच्या मानाने किती हळू होती ते वेगळं सांगायला नको.

शेवटची पायरी: मिळवलेलं टिकवा

कंपायलरची आवृत्ती बदलली किंवा कुणी लूपमध्ये एक ओळ घातली की गेलेली तपासणी परत येऊ शकते, आणि कोड तर बरोबरच चालत राहतो. त्यामुळे गरम फाइलींसाठी पायरी २ ची यादी एका मजकूर-फाइलमध्ये साठवून रिपॉझिटरीत ठेवा. प्रत्येक बिल्डला ती नव्याने काढा आणि जुन्याशी ताडा. नवीन ओळ दिसली तर बिल्ड अडवू नका, फक्त ज्याने बदल केला त्याला दाखवा. ती तपासणी तिथे खरोखर हवी असेल तर यादी सुधारून घेऊ द्या. रिकामं पाकीट, एकच नोंद, ६५५ नोंदी आणि २०० क्रमांकाचा माग, या चार गोष्टींच्या चाचण्याही त्याच बिल्डमध्ये असू द्या.